शेवटचा उंदीर

ऊसतोड सुरू झाली की फडाच्या कडेला बगळे आणि घारी जमतात. तोडणी आत सरकते तसे उंदीर उरलेल्या उभ्या उसात गोळा होत जातात आणि शेवटच्या दोन-चार सऱ्यांवर कोयता पडला की एकदम बाहेर फुटतात. कुत्री, घारी, टोळीतली पोरं, सगळ्यांच्या तावडीतून सुटून काही बांधाच्या बिळात जातात, काही शेजारच्या आडसाली उसात. पुढच्या हंगामात खोडव्यात बुडख्याशी कुरतडलेल्या कांड्या दिसतात, वारं आलं की तेवढाच ऊस आधी लोळतो. शिरोळपासून राधानगरीपर्यंत ऊस पिकवणाऱ्या कुणाला हे सांगावं लागत नाही. म्हणूनच कोल्हापूरचा शेतकरी उंदीर संपवायची भाषा करत नाही. तो ते आटोक्यात ठेवतो. दहातले आठ मेले तर औषध लागू पडलं म्हणतो, आणि शेतापुरतं ते खरंच आहे.

जगात काही जागा अशा आहेत, जिथे दहातले आठ मारून काहीच साधत नाही. दहा हजारांतले नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव मारूनही नाही.

दक्षिण अटलांटिक महासागरात, केपटाऊनपासून अडीच हजार किलोमीटरहून दूर, गॉफ नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ ६५ चौरस किलोमीटर. ट्रिस्टन अल्बाट्रॉस हा पक्षी जवळजवळ सगळाच्या सगळा याच एका बेटावर वीण करतो. पंखांचा पसारा तीन मीटर, दोन वर्षांतून एकदा वीण, एका विणीला एकच अंडं. पिल्लू मोठं व्हायला आठ-नऊ महिने लागतात. दक्षिणेकडचा अख्खा हिवाळा ते मातीच्या उंचवट्यासारख्या घरट्यावर एकटं बसून काढतं आणि आईबाप समुद्रावरून अन्न घेऊन अधूनमधून येतात. एकोणिसाव्या शतकात सील मारायला आलेल्या जहाजांतून या बेटावर साधा घरातला उंदीर उतरला. आपल्या फडताळात शिरतो तोच, चिटुकला. तिथल्या थंडीत पिढ्यान्‌पिढ्या राहून तो आता नेहमीपेक्षा जवळपास दीडपट मोठा झाला आहे. तरी वजन ते किती? ३५ ग्रॅम धरा. पिल्लू दहा किलोपर्यंत भरतं.

रात्री काय होतं ते कॅमेऱ्यांनी टिपलं आहे. उंदीर पिल्लाच्या पाठीवर चढतो आणि शेपटीच्या वरच्या बाजूला कुरतडायला लागतो. पिल्लू अंग हलवतं, मान वळवतं, पुन्हा तसंच बसतं. चोच मारत नाही, उठून जात नाही. पहिल्या जखमेच्या वासाने आणखी उंदीर येतात. दुसऱ्या रात्री जखम हाताच्या पंज्याएवढी झालेली असते, आणि काही दिवसांत पिल्लू जिवंतपणीच आतून पोखरलं जातं. आपल्याहून तीनशे पट हलक्या प्राण्याकडून ते असं मरतं. गॉफवर सगळ्या जातींची मिळून वर्षाला २० लाखांपर्यंत अंडी आणि पिल्लं उंदरांपायी जातात, असा अंदाज आहे.

हे पिल्लू प्रतिकार का करत नाही, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर त्याच्या पूर्वजांच्या इतिहासात आहे. हजारो वर्षं या बेटांवर जमिनीवरून चालत येणारा शत्रूच नव्हता. शत्रू असला तरच भीती पिढ्यान्‌पिढ्या अंगात टिकते, तो नसेल तर ती अंगातून निघून जाते. जमिनीवर घरटं, वर्षा-दोन वर्षांनी एक अंडं, कित्येक महिने उघड्यावर बसलेलं पिल्लू, हे सगळं त्या सुरक्षित जगासाठी बेतलेलं होतं. लहान जातींचं तर विचारूच नका. स्टॉर्म पेट्रेल आपल्या चिमणीएवढा, पंचवीसेक ग्रॅमचा. तो बिळात घरटं करतो आणि फक्त रात्री ये-जा करतो. त्याच्या बिळात मोठा उंदीर शिरला की अंडं, पिल्लू आणि वर बसलेली आई किंवा बाप, तिघंही एकाच रात्री संपतात. एका जोडीला वर्षाकाठी एक पिल्लू असताना थोरले पक्षी मरू लागले, तर वसाहत काही दशकांत रिकामी होते.

उंदीर, मांजर, डुक्कर, मुंगूस, सगळे माणसाबरोबरच तिथे गेले. मोठे उंदीर आज जगातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त द्वीपसमूहांवर आहेत. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर १९१८ मध्ये एक जहाज अडकलं, त्यातून काळे उंदीर उतरले आणि थोड्याच वर्षांत तिथल्या पाच जातींचे पक्षी जगातून नाहीसे झाले. २०१९ मध्ये जगभरच्या समुद्रपक्ष्यांवरच्या संकटांची मोजदाद झाली, तेव्हा बाहेरून आणलेल्या प्राण्यांचा त्रास असलेल्या १६५ जाती निघाल्या. मासेमारीच्या जाळ्या-गळांत सापडणाऱ्या जातीही त्याहून कमी भरल्या.

पक्षी गेले म्हणजे फक्त पक्षी गेले, असंही नाही. शेतकऱ्याला हे चटकन पटेल. समुद्रपक्षी दूर समुद्रात मासे खातात आणि बेटावर येऊन शिटतात. म्हणजे समुद्रातलं नत्र वाहून आणून जमिनीत टाकणारी ती खताची गाडी आहे. हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहात काही बेटांवर उंदीर आहेत, काहींवर कधी पोचलेच नाहीत. दोन्हींची तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. बिनउंदरांच्या बेटांवर पक्ष्यांची दाटी ७६० पट, जमिनीत येणारं नत्र २५१ पट. ते नत्र पावसाने धुपून प्रवाळात उतरतं आणि तिथल्या माशांचं एकूण वजन ४८ टक्क्यांनी जास्त भरतं. उंदराने झाडावरचं अंडं खाल्लं आणि पाण्यातला मासा उपाशी राहिला, इतका सरळ हा धागा आहे.

आता मूळ काम. बेटावरून उंदीर संपवायचे तर तीन अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. बेटावरच्या प्रत्येक उंदराला आमिष मिळालं पाहिजे. पैदास होते त्याहून वेगाने ते मेले पाहिजेत. आणि बाहेरून नवा उंदीर येता कामा नये. आपल्या शेतात तिसरी अट कधीच पुरी होत नाही, कारण बांधापलीकडे दुसऱ्याचा ऊस उभा असतो. बेटाचा बांध म्हणजे समुद्र. एवढ्या एका सवलतीमुळे हे काम शक्य कोटीत येतं.

पहिली अट मात्र जीव काढते. झिंक फॉस्फाईड आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचं. काळपट करडी पूड, लसणासारखा वास. किलोभर आमिषाला ९६० ग्रॅम भरड, २० ग्रॅम गोडेतेल आणि २० ग्रॅम पूड. त्याआधी दोन-तीन दिवस नुसती तेल लावलेली भरड ठेवून उंदरांना चटक लावायची, हे जाणता शेतकरी चुकवत नाही. कारण या विषाचा पोटात विषारी वायू होतो आणि काही तासांत त्रास सुरू होतो. ज्याने थोडंच खाल्लं तो वाचतो, आणि त्या चवीची गाठ त्या दुखण्याशी बांधतो. पुन्हा त्या आमिषाकडे ढुंकून पाहत नाही. शेतात असे चार हुशार उंदीर उरले तर बिघडत नाही. बेटावर तेच चार पुढची सगळी प्रजा असतात.

म्हणून बेटावर वापरतात ते रक्त पातळ करणारं औषध, बहुतेक ठिकाणी ब्रोडिफॅकम. आपल्या बाजारात ब्रोमॅडिओलोनच्या वड्या मिळतात, ब्रोडिफॅकम त्याच कुळातलं, पण अधिक जालीम. ब्रोमॅडिओलोनच्या आमिषात किलोमागे ५० मिलिग्रॅम औषध असतं. बेटावरच्या दाण्यांत ब्रोडिफॅकम किलोमागे २० ते २५ मिलिग्रॅमच. रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्व शरीर पुन्हा पुन्हा फिरवून वापरतं, हे औषध तो फेरा तोडतं. शरीरातला साठा संपेपर्यंत तीन-चार दिवस उंदराला काहीच जाणवत नाही. तो रोज येऊन खात राहतो. मग आत रक्तस्राव होऊन तीन ते दहा दिवसांत मरतो. दुखणं आणि आमिष यांची गाठ त्याच्या डोक्यात कधी बसतच नाही. दाणे हिरवे किंवा निळे रंगवलेले असतात, कारण त्या रंगाच्या दाण्यांकडे पक्षी कमी वळतात.

मांडणीचा हिशेब गुंठ्यांत केला तर आपल्याला लगेच उमजतो. मोठ्या उंदरांसाठी पन्नास-पन्नास मीटरच्या चौकटीत एकेक आमिषपेटी पुरते, म्हणजे साधारण पंचवीस गुंठ्यांना एक. लहान घरउंदराचा वावर काही मीटरांतच संपतो, त्याला दहा-दहा मीटरवर लागते. दहा बाय दहा मीटर म्हणजे आपला एक गुंठा. गुंठ्याला एक पेटी, कुठेही न चुकता. एखादा गुंठा सुटला आणि त्या गुंठ्यात एक गाभण मादी असली, तर सगळा खर्च पाण्यात. गॉफचा हिशेब केला तर साडेसहा लाख पेट्या होतात, आणि तिथे उभे कडे आहेत. माणूस पोचणारच नाही.

तिथे हेलिकॉप्टर येतं. खाली दोराला मोठी बादली टांगलेली, बादलीच्या बुडाशी फिरती चकती. बैलांच्या पाभरीने पेरताना तास चुकला की पीक उगवल्यावर पट्टा दिसतो. इथे चुकलेला पट्टा दोन वर्षांनी दिसतो, उंदरांच्या रूपाने. म्हणून वैमानिक जीपीएसवर रेघा आखून उडतो आणि प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्यावर अर्धा चढवतो, म्हणजे प्रत्येक जागेवर दोनदा दाणे पडतात. कड्यांवर आडव्या-उभ्या जास्तीच्या फेऱ्या होतात, कारण उभ्या भिंतीचं क्षेत्र नकाशावर दिसतं त्याहून किती तरी मोठं असतं. किनाऱ्यालगत बादलीला एका बाजूने झाप लावतात, दाणे जमिनीकडेच फेकले जावेत आणि समुद्रात पडू नयेत म्हणून.

वेळ निवडतात ती हिवाळ्याच्या पोटातली. तेव्हा अन्न कमी, उंदीर भुकेले, पैदास थांबलेली, आणि बरेचसे पक्षी समुद्रावर गेलेले. तरी एक फेरी पुरत नाही. पहिल्या फेरीच्या वेळी बिळात अंगावर पिणारी पिल्लं असली तर ती आमिष खातच नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी ती बाहेर पडतात, तेव्हा दुसरी फेरी तयार लागते.

त्यानंतर दोन वर्षं थांबायचं. हा थांबण्याचा भाग या सगळ्यात मोठ्या धीराचा वाटतो. शेंगदाण्याच्या लोण्याच्या वासाचे मेणाचे तुकडे जागोजागी टांगायचे आणि दातांच्या खुणा शोधायच्या, शाईची पट्टी असलेल्या बोगद्यांत पावलं उमटतात का पाहायचं, कॅमेरे लावायचे, शिकवलेली कुत्री फिरवायची. दोन वर्षांत काही सापडलं नाही तरच बेट मोकळं झालं म्हणायचं. एक जोडी उरली असली तर एवढ्या अवधीत तिची प्रजा लपून राहू शकत नाही.

एकटा उंदीर मात्र लपतो. २००४ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी साडेनऊ हेक्टरच्या, उंदीर नसलेल्या एका बेटावर मुद्दाम एकच तपकिरी नर सोडला. गळ्यात रेडिओ पट्टा होता, म्हणजे तो कुठे आहे ते कळत होतं. साडेनऊ हेक्टर म्हणजे आपले तेवीसेक एकर, मध्यम बागायतदाराचं रान. तरी सापळे, आमिषं, कुत्री, कशालाच तो दाद देईना. दहा आठवड्यांनी तर बेटावरून नाहीसाच झाला. चारशे मीटर खुला समुद्र पोहून तो शेजारच्या बेटावर गेला होता. शेवटी अठरा आठवड्यांनी, पेंग्विनचं ताजं मांस लावलेल्या सापळ्यात सापडला. गजबजलेल्या जागी उंदीर पकडणं सोपं, कारण भूक आणि स्पर्धा त्याला सापळ्याकडे ढकलते. एकट्याला अख्खं बेट मोकळं असतं, त्याला कसली घाई?

फसलेली कामं इथे जास्त शिकवतात. प्रशांत महासागरातल्या हेंडरसन बेटावर २०११ मध्ये पन्नास हजारांच्या वर उंदरांवर आमिष पडलं, आणि उरलेल्यांची जनुकं पाहून नंतर अंदाज आला की साठ ते ऐंशीच वाचले असावेत. आज बेट पुन्हा भरलेलं आहे. उष्ण प्रदेशात अडचणी दुहेरी असतात. बारमाही फळं-बिया असल्यामुळे उंदीर आमिषावर अवलंबून नसतो, पैदास बारा महिने चालते, आणि जमिनीवरचे खेकडे दाणे फस्त करतात. खेकड्याला या औषधाने काही होत नाही. पाल्मायरा बेटावर काही उंदीर माडाच्या शेंड्यात राहत, खाली उतरतच नसत, म्हणून तिथे माडांच्या शेंड्यांतही आमिष पोचवावं लागलं. गॉफवर २०२१ मध्ये मोठा प्रयत्न झाला. त्या विणीला वर्षानुवर्षं रिकाम्या जाणाऱ्या बिळांतून पिल्लं उडाली. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॅमेऱ्यात एक उंदीर दिसला. एकच. पण एक दिसतो तेव्हा तो एकटा नसतो.

एकाच प्राण्याकडे बघून काम केलं की काय होतं, ते दक्षिण आफ्रिकेच्या मेरियन बेटावर दिसतं. उंदरांच्या बंदोबस्तासाठी १९४९ च्या सुमारास तिथल्या हवामान केंद्रावर पाच मांजरं आणली. १९७० च्या दशकात त्यांची संख्या हजारांत गेली आणि ती वर्षाला साडेचार लाख पक्षी खाऊ लागली. रोगाचा विषाणू, बंदुका, सापळे, सगळं वापरून १९९१ मध्ये मांजरं संपवली. उंदीर राहिले. २००३ पासून त्यांनी अल्बाट्रॉसच्या पिल्लांना लक्ष्य केलं आणि २०२३ मध्ये तर थोरले पक्षीही उंदरांनी मारलेले आढळले. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावरही २००० मध्ये मांजरं हटवल्यावर ससे माजले, गवत संपलं, उतार उघडे पडले, २००६ मध्ये दरड कोसळून पेंग्विन गाडले गेले. मग ससे, उंदीर आणि घरउंदीर यांचा एकत्र बंदोबस्त केला. पहिल्या हंगामात मेलेले उंदीर-ससे खाऊन शेकडो शिकारी समुद्रपक्षीही मेले, म्हणून पुढच्या खेपेला सशांवर आधी विषाणू सोडून त्यांची संख्या उतरवली आणि मेलेले प्राणी माणसांनी हिंडून वेचले. २०१४ मध्ये बेट मोकळं जाहीर झालं. दक्षिण जॉर्जियात एक हजार चौरस किलोमीटरहून जास्त जमीन तीन टप्प्यांत घेता आली, कारण मधल्या हिमनद्या उंदराला ओलांडता येत नव्हत्या. त्या हिमनद्या वितळत मागे सरकत होत्या, म्हणून घाई होती. ते बेट २०१८ मध्ये मोकळं झालं.

उंदीर गणपतीचं वाहन. तो वाईट आहे म्हणून कुणी त्याला मारत नाही, आणि रक्तस्रावाने येणारं मरण सुखाचं नसतं, हे लपवायचंही कारण नाही. अलास्कातल्या एका बेटावर २००८ मध्ये याच औषधाने चाळीसहून अधिक गरुड मेले. तरीही एकदा, पुरतं, आणि पुन्हा कधी करावं लागू नये असं हे काम केलेलं बरं, असं ठामपणे वाटतं. दर वर्षी थोडे थोडे मारत राहण्यात मरणारे जीव जास्त, वाचणारे पक्षी कमी. आणि ज्या जातीचं जगात एकच घर आहे, तिने जायचं कुठे?

आपल्यासाठी हा विषय फार लांबचा नाही. आजऱ्यावरून आंबोली घाट उतरलं, सावंतवाडी मागे टाकली की वेंगुर्ला. तिथून समुद्रात आत वेंगुर्ला रॉक्स हा खडकाळ बेटांचा पुंजका आहे. ब्रायडल्ड टर्न जातीचे सुरय तिथे खडकांच्या फटींत एकेकच अंडं घालतात, आणि गुहांत लाळेची घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांची वसाहत आहे. किनाऱ्यापासूनचं अंतर इतकं आहे की पोहून उंदीर पोचणार नाही. तो पोचला तर बोटीतूनच पोचेल.

म्हणून कोल्हापुराहून जे फोटो काढायला, पक्षी बघायला जातात, त्यांनी एवढं पाळावं. शिधा पोत्यांतून नेऊ नये, झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यांतून न्यावा. तंबू, जाळी, दोरांच्या गुंडाळ्या, ताडपत्र्या, म्हणजे ज्यांच्या घडीत उंदीर बसू शकतो ते सगळं, बोटीत चढवायच्या दिवशी बंद खोलीत उजेडात उलगडून झटकावं. आदल्या रात्री भरून धक्क्यावर ठेवू नये. उंदीर शिरतो तो त्याच रात्री. तांडेलाला विचारावं की बोटीत हल्ली उंदीर दिसला का, आणि तळाच्या फळ्या उचलून लेंड्या बघाव्यात. बोट बेटाला दोराने बांधून रात्रभर ठेवू नये. तळाशी ताजी, ओलसर, काळी लेंडी दिसली, तर त्या बोटीने त्या दिवशी जाऊ नये.